हजेरीचं बक्षीस

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याला लेकीकडे राहायला गेले होते. नात दुसरीत आहे. सकाळी दप्तर भरून वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे बसली, तर मान गरम लागली. "हात बघू," म्हटलं, तर तिने मुठी घट्ट आवळून घेतल्या. पोरांच्या आवळलेल्या मुठी उघडायची मला ३७ वर्षांची सवय आहे. उघडल्या. दोन्ही तळहातांवर पाण्याने भरलेले बारीक फोड. मोजे काढले, तर तळपायांवरही तेच.

माझ्या पोटात गोळाच आला. चेहरा, तळहात, तळपाय ही तीन ठिकाणं मला नोकरीच्या सुरुवातीला पाठ करायला लावली होती. तिथे फोड म्हणजे देवी! देवी जगातून जाऊन पन्नासच्या आसपास वर्षं होत आली, हे मला काय ठाऊक नाही? पण तेव्हाची घोकंपट्टी इतकी पक्की की डोकं चालायच्या आत छातीत धडधडलं.

अर्थात देवी नव्हत्याच. डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि "हात-पाय-तोंडाचा आजार" असं निदान सांगितलं. मला आधी वाटलं, हे नाव आहे की थट्टा. पण खरंच तेच नाव आहे. १९५७ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात ह्याची साथ पहिल्यांदा नीट नोंदली गेली. एक-दोन दिवस ताप, तोंडात फोड, त्यामुळे गिळताना रड, आणि हातापायांवर पुरळ. बहुतेक पोरं आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होतात. लेकीचा जीव भांड्यात पडला. नातीने मात्र जो भोकाड पसरला तो आजारासाठी नव्हे. एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलांना त्यांच्या शाळेत वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळतं, आणि ते आता हुकणार होतं. मुठी आवळल्या होत्या त्या एवढ्यासाठी.

ते ऐकल्यावर मला जे आठवलं ते मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहितेच आहे, तर सगळं सुरुवातीपासून लिहिते.

माझा जन्म १९५० चा. मीही दुसरीत होते तेव्हा शाळेत देवी काढायला माणूस आला होता. आम्ही त्याला 'देवी डॉक्टर' म्हणायचो, तो डॉक्टर नव्हता. गंमत बघा, लस टोचून आत घालतात, तरी मराठीत देवी 'काढतात'. त्याच्याजवळ एक लहानशी धातूची चकती होती, तिला बारीक दाते. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती दाबायची आणि गर्रकन फिरवायची. पहिल्या पोराची किंकाळी ऐकून मागच्या खिडकीतून तीन मुलगे पसार झाले. गुरुजींनी त्यांना फणसाच्या झाडावरून उतरवून आणलं. माझ्या डाव्या दंडावर ते दोन वण अजून आहेत. माझ्या वयाच्या कुणाच्याही बाही वर करून बघा, सापडतील.

हे टोचणं आपल्याकडे फार जुनं. एडवर्ड जेन्नरने इंग्लंडात १७९६ साली गोस्तनदेवीची लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली. ती लस बगदाद, बसरा अशी एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर प्रवास करत मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. पुढे इथली लस तिच्याच दंडावरून पसरत गेली. शाळेत जायच्या वयाचीही नव्हती पोर.

आमच्या घरी मात्र आजीचा दवाखाना वेगळा. कुणाच्या अंगावर पुरळ उठलं की दाराला कडुनिंबाचा टहाळा. स्वैपाकात फोडणी बंद, बाहेरचं माणूस आत नाही, आजाऱ्याची वाटी-ताटली वेगळी. मी शिक्षिका झाल्यावर ह्या सगळ्याला वर्गात अंधश्रद्धा म्हणून हिणवलं. आज वाटतं, फोडणीचं सोडा, पण दाराचा टहाळा म्हणजे 'इथे साथ आहे, आत येऊ नका' अशी पाटीच होती की! ज्या गावात कुणाला वाचता येत नव्हतं तिथे ती सगळ्यांना वाचता यायची. (देवीचा कोप म्हणून डॉक्टरला बोलवायचं नाही, हे तेवढंच खरं, आणि त्याने माणसं गेली हेही खरं.) शिवाय आजीला देवी, गोवर आणि कांजिण्या ह्यांतला फरक बघताक्षणी कळायचा. तिन्हींना मराठीत वेगळी नावं उगाच नाहीत. युरोपातल्या वैद्यांत मात्र देवी आणि कांजिण्यांचा घोळ शतकानुशतकं चालला होता. विल्यम हेबर्डन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १७६७ साली दोन्ही आजार वेगळे असल्याचं व्यवस्थित मांडलं.

हा फरक मला शिकावा लागला तो १९७४ साली. तेव्हा मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होते. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, हेडगुरुजी आणि मी. डी.एड. झाले होते, बी.ए. पुढे बहिःस्थ बसून केलं. देवी तोवर मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेशात उरल्या होत्या, पण शोध मात्र देशभर चालू होता. आरोग्य खात्याचा माणूस एक कार्ड घेऊन आला. त्यावर देवी आलेल्या बाळाचा रंगीत फोटो. तो वर्गात फिरवायचा आणि विचारायचं, "असं कुणाला झालेलं पाहिलंय का?" मोठ्या माणसांपेक्षा शाळेतली मुलं जास्त खरं सांगतात, हे त्या लोकांना अनुभवाने कळलं होतं. कुणाच्या मामाकडे, कुणाच्या शेजारी, कुठल्या वाडीत काय चाललंय ते पोरांना माहीत असतं आणि त्यांना लपवायचं नसतं.

त्याने आम्हाला शिकवलं ते असं. देवीत आधी दोन-तीन दिवस जबर ताप, मग फोड. फोड चेहऱ्यावर, हातापायांवर दाट, पोटापाठीवर विरळ, तळहात-तळपायांवर असतातच. आणि सगळे एका वयाचे, म्हणजे सगळे एकदम भरतात, एकदम पिकतात. कांजिण्यांत उलट. पोटापाठीवर दाट, तळहात बहुधा स्वच्छ, आणि एकाच वेळी कुठे लाल ठिपका, कुठे पाण्याचा फोड, कुठे खपली.

दोनच महिन्यांत एका पोराच्या अंगावर फोड आले आणि मी कळवलं. तो आरोग्यसेवक डोंगर चढून आला. पोराचा सदरा वर केला, पाठ बघितली, तळहात बघितले आणि म्हणाला, "कांजिण्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "बाई, दहा वेळा चुकीचं कळवा. एकदा कळवायचं राहून जायला नको." पाणीसुद्धा न पिता उतरून गेला. मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला भारतातली देवीची शेवटची रोगी सापडली, ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात जगातला नैसर्गिक देवीचा शेवटचा. त्या काळात देवीचा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस लावलं होतं. आमच्या मुलांनी हजार रुपयांसाठी तारुण्यपीटिका आलेले सगळे थोरले भाऊ माझ्यापुढे आणून उभे केले, ते कुणाला मिळालं नाही ते सोडा.

आता त्या दुसऱ्या बक्षिसाबद्दल. ते मीच लावलं होतं.

१९७७-७८ चं वर्ष. पट ४१. आमच्याकडे भातकापणीला हजेरी गळते, मग काजूच्या हंगामात पुन्हा गळते. फळ्याच्या कोपऱ्यात रोज 'पट ४१, हजर २९' असं लिहायची मला लाज वाटायची. म्हणून जूनमध्ये जाहीर केलं, वर्षात एकही खाडा न करणाऱ्याला फाउंटन पेन. माझ्या पगारातून. त्या वाडीवर फाउंटन पेन म्हणजे काय ते आज सांगून कळणार नाही. हजेरी अशी चढली की तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात शाबासकी लिहिली.

सोमवार, १३ फेब्रुवारी १९७८. चौथीतला एक मुलगा डोळे लाल, नाक गळतंय, खोकतोय असा आला. कपाळ तापलेलं. मी त्याला घरी पाठवायला हवं होतं. मी काय केलं, तर सगळ्या वर्गाला त्याचं उदाहरण दिलं. "बघा, ताप असून आला. ह्याला म्हणतात जिद्द." दुसऱ्या दिवशीही तो आला, पहिलीच्या पोरांना बाराखडी घोकून घ्यायला मी त्यालाच बसवलं. बुधवारी आला नाही. कानामागून, कपाळापासून खाली पुरळ उतरलं होतं. गोवर.

आम्हाला वाटलं, एकाला झाला, तो घरी बसला, संपलं. दहा दिवस काही नाही. माझी त्या वर्षीची टाचणवही अजून ट्रंकेत आहे, त्यातूनच हे आकडे देते. शुक्रवार २४ फेब्रुवारीला हजर ३५. सोमवारी २७ ला २९. मंगळवारी २८ ला २४. शाळा ओस पडली. पहिलीच्या वर्गात तर तिघंच उरली. हेडगुरुजींनी चार दिवस सुट्टी दिली, मग शाळा भरली. मुलं एकेक करून परतली, जरा सुकलेली, अंगावर कोंडा सुटलेली. एकही दगावलं नाही. मी ग्रामदेवतेला नारळ दिला.

शिमग्याच्या चार दिवस आधी पहिलीतल्या एका मुलीची पाठची बहीण गेली. दीड वर्षाची. थोरलीचा गोवर धाकटीने घेतला होता. पुरळ गेलं, पण छाती भरली. आईने अंगावर दूध पाजणं सोडलं होतं, नुसत्या पेजेवर ठेवलं होतं, तशीच रीत होती. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, वाटेत नदी. शिमग्याला पालखी त्यांच्या अंगणात न थांबता पुढे गेली. घराला सुतक होतं.

त्या बाळाचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. शाळेत यायला तिला अजून साडेचार वर्षं होती. म्हणून शाळेच्या दप्तरात १९७८ च्या त्या साथीचा निकाल 'सर्व मुले बरी' असाच आहे.

वर्षाच्या शेवटी तिघांना पेनं दिली. चौथीतला तो मुलगा समारंभानंतर माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, मी दोन दिवस तापात पण आलो होतो." मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा काहीच दिलं नसेल.

तेव्हाही मला त्या दोन दिवसांचा आणि त्या बाळाचा संबंध लागला नव्हता. तो लागला निवृत्तीनंतर. माझी भाची डॉक्टर आहे. एकदा जेवताना तिने पीटर पानुमची गोष्ट सांगितली. १८४६ साली डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे पावणेआठ हजार वस्ती, त्यातल्या सहा हजारांच्या आसपास लोकांना गोवर झाला. सरकारने ह्या पानुमला पाठवलं. वय अवघं २५. हा बेटाबेटांवर होडीने हिंडला आणि विचारत गेला, पहिला माणूस कधी आला, कुणाच्या घरी उतरला, पुरळ कुठल्या दिवशी उठलं. समुद्राने वेगळी केलेली छोटी गावं, तिथे कोण कधी आलं ते सगळ्यांना पाठ. त्यावरून त्याने काढलं की लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत तेरा-चौदा दिवस जातात. आणि आणखी एक. तिथे ह्याआधीची साथ १७८१ साली आली होती. त्या वेळी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही ६५ वर्षांनंतर तो पुन्हा झाला नाही.

मी जेवण अर्धं टाकून ट्रंक उघडली. १४ फेब्रुवारी आणि १४ दिवस, २८ फेब्रुवारी. तिथून आणखी दोन आठवडे, मार्चचा मध्य, त्या बाळाचं पुरळ. आमची वाडीसुद्धा एक बेटच होती. साथीचा सगळा प्रवास माझ्याच अक्षरात लिहिलेला होता आणि मला तीस वर्षं वाचता आला नव्हता. भाचीने सांगितलं की गोवर पुरळ उठायच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस लागतो. म्हणजे तो बुधवारपासून घरी बसला त्याला अर्थ नव्हता, जे व्हायचं ते सोमवार-मंगळवारी होऊन गेलं होतं. आणि आमची चार दिवसांची सुट्टी! चौदा दिवसांच्या हिशेबात चार दिवस म्हणजे काहीच नाही. ज्या तिघांना पेनं मिळाली त्यांचाही उलगडा झाला. ती तिघंही आधीच्या कुठल्या तरी साथीत गोवर होऊन गेलेली होती. त्यांना मी जिद्दीचं बक्षीस दिलं होतं.

मला ओळखता आला असता का? आला असता. न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक ह्या बालरोगतज्ज्ञाने १८९६ सालीच लिहून ठेवलंय की पुरळ उठायच्या आधी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. त्या मंगळवारी मी पोराला उजेडाकडे तोंड करून 'आ' करायला लावलं असतं तर कदाचित दिसले असते. ते नाही तरी ताप, खोकला, वाहणारं नाक आणि लाल डोळे ही चौकडी एकत्र दिसली की गोवराचा वास यायला हवा, आणि त्या पोराला मांडीवरच्या लहानग्यांपासून लांब ठेवायला हवं. मोठ्या पोरांना गोवर बहुधा सोडून देतो, दोन वर्षांच्या आतल्यांना धरतो. त्यात बाळ कुपोषित असलं तर विचारूच नका. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात ते त्यासाठीच.

लसीचं म्हणाल, तर तिचा उगमही शाळेतच आहे. १९५४ च्या सुरुवातीला अमेरिकेत बॉस्टनजवळच्या फे स्कूल ह्या निवासी शाळेत गोवराची साथ आली. जॉन एंडर्स ह्या शास्त्रज्ञाचा सहकारी थॉमस पीबल्स तिथे गेला आणि आजारी मुलांच्या घशातलं पाणी आणि रक्त घेऊन आला. त्यातल्या डेव्हिड एडमनस्टन नावाच्या मुलाच्या नमुन्यातून विषाणू वाढवता आला. १९६३ साली आलेली लस त्याच विषाणूपासून केलेली, आणि आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये गोवराची जी लस बनते त्या वाणाच्या नावातही 'एडमनस्टन' आहे. शाळकरी पोराचं आडनाव अजून बाटल्यांवर फिरतंय! पण १९७८ साली भारत सरकारने लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्यात गोवराची लस नव्हती. ती आली १९८५ मध्ये. माझ्या वाडीच्या हिशेबाने सात वर्षं उशिरा.

बाळ गेल्यानंतर पेनाचं बक्षीस मी बंद केलं. संबंध कळला नव्हता, तरी आतून काहीतरी वाटलं असावं. पण मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मी कडक झाले. माठात एकच पेला बुडवून पाणी प्यायचं बंद केलं, ओगराळं आणलं. थुंकीने पाटी पुसायची बंद केली, प्रत्येकाने ओलं फडकं आणायचं. (थुंकीच्या पाट्यांना आपणच बदनाम नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांतून पाट्या हद्दपार झाल्या त्याच्या कारणांत थुंकी होतीच.) गालगुंड झालं, पाच दिवस घरी. कांजिण्या, शेवटची खपली सुकेपर्यंत घरी. डोळे आले, घरी. डोळे आलेल्याकडे बघितल्याने डोळे येतात हा समज मी पुष्कळ घालवला. ते बघण्याने येत नाहीत, हाताने आणि रुमालाने येतात. इथवर सगळं बरोबर होतं.

पुढच्या शाळेत, १९८३ साली, तिसरीतली एक मुलगी सारखी खाजवायची. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर बारीक पुटकुळ्या. खरूज. मी तिला सांगितलं, बरी झाल्याशिवाय येऊ नकोस. घरात सात माणसं आणि दोन गोधड्या. खरजेचं औषध एकट्या आजाऱ्याला लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून खाली लावायचं आणि कपडे-अंथरूण उकळून उन्हात टाकायचं, तरच जाते. हे तिच्या आईला कोण सांगणार? मी सांगितलं नाही. मी दार दाखवलं. मुलगी पंधरा दिवस आली नाही, महिना आली नाही, मग धाकट्या भावंडाला सांभाळू लागली. पुढच्या जूनमध्ये तिचं नाव पटावरून कमी केलं. मीच केलं.

न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली नेमका हाच प्रकार चालू होता, हे मी नंतर वाचलं. डॉक्टर शाळेत यायचे. खरूज, उवा, डोळ्यांची खुपरी असलेल्या मुलांना घरी धाडायचे. घरी त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही, की मुलं रस्त्यावर. मग लिना रॉजर्स ही परिचारिका चार शाळांमध्ये महिनाभर नेमली. ती शाळेतच मलम लावायची आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला शिकवायची. सप्टेंबर १९०२ मध्ये दहा हजारांवर मुलं घरी पाठवली गेली होती, पुढल्या सप्टेंबरात सुमारे अकराशे. त्याच्या पाच वर्षं आधी, १८९७ च्या प्लेगात, आपल्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळ डॉक्टर मुलगा यशवंत ह्याच्या दवाखान्यात पोचवलं आणि त्याच आजाराने १० मार्चला त्या गेल्या. दर ३ जानेवारीला मी मुलांना हे सांगत आले, फोटोला हार घालत आले. खरजेच्या मुलीच्या घरी मात्र माझे पाय वळले नाहीत. घर शाळेपासून पाव मैलावर होतं.

त्यानंतर उरलेली पंचवीस वर्षं मी हजेरीपटात 'ह' आणि 'गै' ह्यांच्याशिवाय स्वतःपुरतं पेन्सिलने 'आ' लिहायला लागले. आ म्हणजे आजारी. तीन दिवसांत दोन 'आ' झाले की संध्याकाळी त्या घरांवरून चक्कर. ह्यात फार मोठं काही नाही. पण त्या चकरांमुळे दोनदा डांग्या खोकला आणि एकदा घटसर्प वेळेवर कळला, घटसर्पाचं पोर रत्नागिरीला नेलं आणि वाचलं.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने १४ वर्षांची शाळकरी मुलगी गेली आणि शाळा बंद झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली तेव्हा व्हॉट्सॲपवर काय वाट्टेल ते फिरत होतं. आमच्या गल्लीतल्या दोन आयांना मी माझ्या दंडावरचे वण दाखवून शाळेत पाठवलं. २०२० चं तर बोलायलाच नको. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला पुन्हा गोवराने लहान मुलं गेली, ते वाचून मी दोन दिवस वर्तमानपत्र उघडलं नाही.

असो. नात आठ दिवस घरी राहिली. धाकटा भाऊ दोन वर्षांचा आहे. वाटी वेगळी केली, हात शंभर वेळा धुतले, तरी पाचव्या दिवशी त्यालाही फोड आलेच, पण हलके. कॅलेंडरवर तिच्या नावापुढे आठ 'गै' तिनेच लिहिले, रागारागाने, लाल स्केचपेनने.

प्रमाणपत्र तिला मिळालं नाही. मार्चमध्ये मी तिला एक फाउंटन पेन पाठवलं. "हे कशाबद्दल?" असं तिने फोनवर विचारलं. "आठ दिवस घरी बसलीस म्हणून," म्हटलं. ते काही तिला पटलेलं नाही. पेनात शाई कशी भरायची ते मात्र दोनदा विचारून घेतलं.